सोलापुरातून आंतरराष्ट्रीय व्यापार, पर्यावरण, आर्थिक धोरण या क्षेत्रांत कसं जायचं? अनुभवी लोकांनी लिहावं

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. सोलापूर विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. करतेय, शेवटचं वर्ष. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (माग लावून देणारे, दुरुस्त करणारे) आहेत, आई घरी विड्या वळते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ असं मिळून ५० टक्के जादा शुल्क लावलं. महिन्याभरात वडिलांच्या कारखान्यातली रात्रपाळी थांबली. तेव्हा रोज रात्री आमच्या घरात बातम्या चालू असायच्या. तिथे 'व्यापारतज्ज्ञ', 'धोरण विश्लेषक' अशी नावाखाली पट्टी असलेली माणसं बोलायची. वडिलांनी मला विचारलं, "ही माणसं शिकतात काय गं? तू पण अर्थशास्त्रच शिकतेस ना?" मला नीट सांगता आलं नाही.

आमच्या वर्गात कुणाला विचारलं तर एमपीएससी, बँक, नाहीतर बी.एड. याच्या पलीकडे उत्तर येत नाही. त्यात वाईट काही नाही, पण मला हे काम समजून घ्यायचं आहे. हे लोक दिवसभर नेमकं काय करतात? कुठे नोकरी असते? पर्यावरण आणि व्यापार हे दोन विषय हल्ली एकत्र का येतात? आणि माझ्यासारख्या घरातल्या मुलीला हे परवडण्यासारखं आहे का? खरं ते सांगा, वाईट वाटणार नाही.

न्हावाशेवा

ताई, मी होम टेक्स्टाइलच्या निर्यातीत डॉक्युमेंटेशन बघतो, चिंचोळीला. टीव्हीवर कधी जाणार नाही, पण तुमच्या प्रश्नाचं एक टोक माझ्या टेबलावर असतं ते सांगतो.

आपल्या सुती टेरी टॉवेलचा एचएस कोड, म्हणजे माल ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ६३०२.६०. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले. या सहा आकड्यांवर सगळा खेळ आहे. अमेरिकेत यावर मूळ शुल्क ९.१ टक्के होतं, ५० टक्के त्याच्या वर चढले. युरोपात मूळ शुल्क १२ टक्के, आणि आपल्याला तिथे शुल्क भरावंच लागत आलंय. आता हे बघा : पाकिस्तानला २०१४ पासून युरोपात जीएसपी प्लस ही शुल्कसवलत आहे, म्हणजे त्यांचा टॉवेल शून्य शुल्कात जातो. बांगलादेशही गरीब देशांच्या सवलतीत शून्यावर. जर्मनीतल्या बायरपुढे आपला आणि कराचीचा माल शंभर रुपयांना ठेवला, तर आपला बंदरातून बाहेर पडेपर्यंत शुल्क चढून शंभराच्या वर गेलेला असतो. विणकाम आपलं चांगलं असूनही ऑर्डर का जाते, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

तुम्ही विचारलंत पर्यावरण यात कुठून आलं. पाकिस्तानची ती सवलत फुकट नाही. मानवी हक्क, कामगार हक्क, पर्यावरण, सुशासन यांवरचे २७ आंतरराष्ट्रीय करार मान्य करून पाळायचे, त्यावर युरोपची देखरेख असते. म्हणजे टॉवेलचं शुल्क आणि बालमजुरीचा कायदा एकाच फायलीत. ही फाइल वाचता येणारा माणूस म्हणजे तुमचा तज्ज्ञ.

कोड लावणं हेही वाटतं तितकं सोपं नाही. टॉवेलच्या बॉर्डरला पॉलिस्टर घातलं की नवीन पोरं लगेच घाबरून कोड बदलायला निघतात. कापडात वजनाने जो धागा जास्त, त्याप्रमाणे वर्गीकरण होतं. म्हणून आम्ही टॉवेल उसवून पाइल, ताणा, बाणा, बॉर्डर वेगळं वजन करून कागदावर मांडतो आणि तो कागद शिपिंग बिलाच्या फायलीला लावतो. चुकीच्या कोडवर परतावा घेतला तर कस्टमची नोटीस दोन-तीन वर्षांनी येते, तेव्हा तो मर्चंडायझर नोकरी सोडून गेलेला असतो.

माझं मत : दिल्लीला जायच्या आधी दोन वर्षं एखाद्या एक्स्पोर्ट हाऊसमध्ये काढा. पगार बेताचा मिळेल. पण ओरिजिन सर्टिफिकेट (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला), ई-बीआरसी (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला), आरओएससीटीएल (निर्यातीवरच्या राज्य-केंद्र करांचा परतावा) हे हाताखालून गेलेला माणूस पुढे कुठेही बसला तरी त्याला फसवता येत नाही.

बार्शीचा_दिल्लीत

धागा आवडला. मी बार्शीचा, सध्या दिल्लीत एका संशोधन संस्थेत व्यापार धोरणावर काम करतो. बी.ए. बार्शीत, एम.ए. पुण्याला गोखले इन्स्टिट्यूटमध्ये.

दिवसभर काय करतो? साधारण असं असतं. मंत्रालयाकडून विचारणा येते की अमुक देशाशी करार झाला तर कुठल्या मालाला फायदा, कुठल्याला फटका. मग आठ आकडी पातळीवर हजारो ओळींचं कोष्टक घ्यायचं. आपलं शुल्क किती, त्यांचं किती, गेल्या पाच वर्षांत आयात-निर्यात किती, तिसरा कोण विकतोय. सहा आकडी पातळीची आकडेवारी संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेडवर आणि जागतिक बँकेच्या विट्सवर मिळते, सोलापुरात बसूनही बघता येते. त्यावर मॉडेल चालवायचं. सगळ्यात जुनं आणि अजून कामाचं म्हणजे ग्रॅव्हिटी मॉडेल, टिनबर्गेनने १९६२ मध्ये मांडलेलं : देशांची अर्थव्यवस्था जितकी मोठी तितका व्यापार जास्त, अंतर जितकं जास्त तितका कमी. त्यात शुल्क, करार, भाषा घालत जायचं. शेवटी चाळीस पानांचं दोन पानांवर आणायचं, कारण सचिव दोनच पानं वाचतात. ती दोन पानं लिहिणं हे सर्वात अवघड काम आहे.

संस्था सांगतो. आयआयएफटी म्हणजे भारतीय विदेश व्यापार संस्था (१९६३), तिथे एम.ए. अर्थशास्त्र आहे आणि डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) अभ्यास केंद्र १९९९ पासून आहे. आर्थिक धोरणावर संशोधन करणाऱ्या एनसीएईआर (१९५६), इक्रियर (१९८१), आरआयएस (१९८३). पर्यावरणाकडे टेरी नावाची संस्था (१९७४), सीएसई (१९८०), सीईईडब्ल्यू (२०१०). जयपूरला कट्स (१९८३), ग्राहकांच्या बाजूने व्यापाराकडे बघणारी संस्था, तिचं जिनिव्हातही कार्यालय आहे.

आता कडू भाग. यातल्या बहुतेक नोकऱ्या कंत्राटी. प्रकल्प संपला की पुढचा येईपर्यंत जीव टांगणीला. सुरुवातीच्या पगारात दिल्लीत खोली, मेस, घरी पाठवणं हे तिन्ही जमत नाही. आणि गणित कच्चं असेल तर पहिल्या मुलाखतीतच बाजूला पडायला होतं. आपल्या विद्यापीठांतून इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचं शास्त्र) नावापुरतं होतं, हे स्पष्ट सांगतो. आर किंवा स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरपैकी एक तरी हातात बसलेलं हवं. न्हावाशेवा यांच्या सल्ल्याशी पूर्ण सहमत नाही. दोन वर्षं कागदपत्रांत गेली की अभ्यासाची सवय तुटते, परत बसणं जड जातं.

यंत्रमागधारक

सगळं वाचलं. चांगलं लिहिताय. पण मी कारखाना चालवतो, माझं पण ऐका.

माझ्याकडे चोवीस माग. मी थेट निर्यात करत नाही, मोठ्या निर्यातदाराला जॉबवर माल देतो. त्याचा बायर त्याला सांगतो, तो मला सांगतो : अमुक सर्टिफिकेट आणा, तमुक ऑडिट करा. एकाच छपराखाली, त्याच मागांवर, त्याच कामगारांचं एका बायरचं ऑडिट मार्चमध्ये, दुसऱ्याचं जूनमध्ये. प्रश्न तेच, फॉर्म वेगळा, फी वेगळी. आग विझवायची नळकांडी भिंतीवर किती उंचीवर लावायची यावर दोघांचं एकमत नाही. फी मी भरतो. टॉवेलचा भाव मात्र किलोला एक रुपयाही वाढत नाही.

हे नियम करणारे तज्ज्ञ कधी चोवीस मागांच्या कारखान्यात उभे राहिलेत का? माझा नियमांना विरोध नाही. माझ्या कामगाराच्या कानाला त्रास होतो, सुताचा धुरळा त्याच्या छातीत जातो, हे मला दिसतं, कारण मी पण तिथेच दिवसभर असतो. पण या सगळ्याचा खर्च साखळीत सर्वात खालच्या माणसावर का, हे विचारणारा एक तरी तज्ज्ञ आमच्याकडून तिथे जाऊन बसला पाहिजे. पोरी, तू बसणार असशील तर जा दिल्लीला. नाहीतर अजून एक फॉर्म तयार होईल.

रंगपाणी

काका, तुमचा राग रास्त आहे. मी पर्यावरण अभियंता आहे, डाइंग हाऊसच्या सांडपाणी प्रकल्पावर काम केलंय आणि आता कारखान्यांचं कार्बन, पाणी, रसायनं यांचं मोजमाप करून देते. दुसरी बाजू मांडते.

काही नियम नसते तर बरं झालं असतं असं मला वाटत नाही. १९९४ मध्ये जर्मनीने ठराविक अ‍ॅझो रंगांवर बंदी आणली, तेव्हा आपल्याकडे सगळीकडे आरडाओरड झाली की हा व्यापारातला अडथळा आहे. ते रंग कातडीवर फुटून कर्करोगाला कारण ठरू शकणारी अमाइन्स सोडतात. युरोपात आज मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम आहे. टॉवेल वापरणाऱ्याच्या आधी तो रंग रंगखात्यातला आपला माणूस उघड्या हाताने कालवत होता. बंदीमुळे त्याचा पहिला फायदा झाला.

पाण्याचं बघा. सुती टॉवेल रिअ‍ॅक्टिव्ह रंगात रंगवायचा तर रंग धाग्यावर चढायला पोत्याने मीठ लागतं. ते मीठ धाग्यात राहत नाही, सगळं पाण्यात उतरतं. सांडपाण्यातली घाण मोजणारे बीओडी आणि सीओडी हे आकडे ३० आणि २५० च्या खाली आणता येतात, पण विरघळलेलं मीठ साध्या प्रक्रियेने निघत नाही. त्याला आरओ लागतं, उरलेलं खारं पाणी आटवायला बाष्पीभवन यंत्र लागतं, त्याला वाफ लागते, वाफेला इंधन. एका ठिकाणचं प्रदूषण कमी करताना दुसरीकडे कोळसा जळतो. उन्हाळ्यात आपल्या शहरात पाणी किती दिवसांआड येतं हे इथे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पाणी परत वापरणं हा आपल्यासाठी बायरचा हट्ट नाही, आपली गरज आहे. हा हिशोब आर्थिक आहे आणि तांत्रिकही. दोन्ही येणारी माणसं फार कमी आहेत, पूर्वभागकर, आणि इथेच काम आहे.

कार्बनचा हिशोब तर घरबसल्या शिकता येतो. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. महिन्याला दहा हजार युनिट वापरणाऱ्या कारखान्याचे झाले सात टन. कार्बनच्या हिशोबाचे तीन वर्ग असतात, त्यांना स्कोप म्हणतात : बॉयलरचं इंधन वेगळं, ते स्कोप एक, वीज स्कोप दोन, पुरवठादारांकडचं स्कोप तीन. आणि युरोपातल्या दुकानदारासाठी आपला अख्खा कारखाना त्याच्या स्कोप तीनमध्ये येतो, म्हणून तो प्रश्नावली पाठवतो. आपल्याकडे सेबीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, त्यांनाही पुरवठादारांची माहिती हळूहळू लागणारच.

गैरसमज नको म्हणून सांगते : युरोपचा सीबॅम, म्हणजे सीमेवरचा कार्बन कर, सध्या सिमेंट, लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन यांना लागू आहे. टॉवेलला नाही. काही सल्लागार आपल्याकडे टॉवेलवाल्यांना सीबॅमची भीती घालून पैसे घेतात. कापडाकडे येतोय तो डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट, त्याचा मूळ कायदा जुलै २०२४ मध्ये लागू झाला आणि कापड त्यात अग्रक्रमावर आहे. सूत कुठलं, रंग कुठला, हे मालाबरोबर जाणार. काका, त्या दिवशी तुमच्या चोवीस मागांची नोंद ठेवणारं कुणीतरी लागेल आणि तो माणूस मुंबईहून मागवला तर महाग पडेल.

अभियांत्रिकी किंवा विज्ञान शाखेच्या वाचकांसाठी : ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची एनर्जी ऑडिटरची परीक्षा बघा. आपल्या भागात याला खरी मागणी आहे.

सांगोला_भगवा

आमचा डाळिंबवाल्यांचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर भागातला भगवा, म्हणजे डाळिंबाचा आपला वाण, समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियाला निघाला, १३ जानेवारी २०२५ ला सिडनीला पोचला. ५.७ टन, तीन-तीन किलोच्या १९०० पेट्या. ऐकायला थोडं वाटतं. पण विमानाचं भाडं देऊन डाळिंब परदेशात परवडत नाही, आणि जहाजात महिना-सव्वा महिना फळ टिकलं पाहिजे. केगावला आपलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ चं. फळ किती दिवस कुठल्या तापमानाला टिकतं याच्या चाचण्या तिथे झाल्या. त्याआधी कुठली कीड तुमच्याकडे आहे, ती आमच्याकडे येणार नाही याची हमी काय, यावर दोन देशांच्या अधिकाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालतो. डब्ल्यूटीओमध्ये यासाठी वेगळा करार आहे, एसपीएस, म्हणजे अन्नसुरक्षा आणि कीड-रोगांच्या नियमांचा. तो वाचून, किडीची यादी हातात घेऊन भांडणारी माणसं कृषी पदवीधर असतात. म्हणून सांगतो, फक्त अर्थशास्त्रवाल्यांचं हे क्षेत्र नाही.

नियम माहीत नसला की काय होतं ते द्राक्षवाल्यांनी २०१० ला भोगलंय. वेलीची वाढ रोखायला सगळे लिहोसिन मारायचे. युरोपात त्याच्या अंशाची मर्यादा अगदी खाली, आणि आपल्या निर्यातीच्या तपासणी यादीत ते रसायन नव्हतंच. माल रॉटरडॅमला पोचल्यावर अडकला. शेतकऱ्याने कुणाची फसवणूक केली नव्हती. यादीत नव्हतं म्हणून तपासलं नाही, तपासलं नाही म्हणून कळलं नाही. कितीतरी बागायतदार कर्जात गेले. त्यानंतर यादी बदलली. युरोप ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवत नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतो, ही एक ओळ ज्या माणसाने वेळेवर मराठीत गावात सांगितली असती, त्याला मी सगळ्यात मोठा तज्ज्ञ म्हटलं असतं.

अ‍ॅड_मंगळवेढा

सांगोलाकरांना अनुमोदन. आता उसाचं ऐका.

आपल्या जिल्ह्यात एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, हा शब्द शाळेतल्या पोराला पण माहीत आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. हाच एफआरपी जिनिव्हात, डब्ल्यूटीओपुढे, खटल्याचा विषय झाला. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध तक्रार केली की भारत ऊस उत्पादकांना मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो आणि साखर निर्यातीला अनुदान देतो. आपली मर्यादा उत्पादनमूल्याच्या १० टक्के. आपला एक मुख्य मुद्दा असा होता की एफआरपी सरकार देत नाही, कारखाने देतात, मग हा सरकारी आधार कसा? पॅनेलने १४ डिसेंबर २०२१ ला तो मुद्दा फेटाळला. किंमत कायद्याने सरकार ठरवतं, एवढं त्यांना पुरेसं होतं. २०१४-१५ ते २०१८-१९ अशा पाच हंगामांत मर्यादा ओलांडली असा निष्कर्ष निघाला.

भारताने अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेलं आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका होऊ दिल्या नाहीत. त्यामुळे तो निकाल अधांतरी आहे.

मी यावर बराच वेळ घालवला, कारण माझ्या अशिलांपैकी निम्मे ऊस उत्पादक. तिथे मांडणी करणाऱ्या चमूत तीन प्रकारची माणसं लागतात. करारातलं कलम जाणणारा वकील, आधाराची टक्केवारी काढणारा अर्थतज्ज्ञ, आणि कारखाना बिल कसं काढतो, हप्ते कसे पडतात, तोडणी-वाहतूक कशी वजा होते हे सांगणारा माणूस. पहिले दोन दिल्लीत मिळतात. तिसरा माळशिरस, पंढरपूर, करमाळ्यात आहे आणि त्याला तिथे कुणी बोलावत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना सांगतो, दिल्लीत सेंटर फॉर ट्रेड अँड इन्व्हेस्टमेंट लॉ आहे, ते सरकारला याच कामात मदत करतं. एलएल.बी. नंतर व्यापार कायद्यात एलएल.एम. केलं तर तिकडे वाट आहे.

पूर्वभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पण वाचून दाखवलं. डाळिंबाचं आणि उसाचं तिला पटकन समजलं, ती मूळची मोहोळकडची.

दोन प्रश्न राहिले. एक, सरकारी सेवेतून इकडे येता येतं का? घरी कंत्राटी नोकरी म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो. दोन, न्हावाशेवा दादा म्हणतात आधी कारखाना, बार्शीचे दादा म्हणतात आधी अभ्यास. माझ्याकडे पैसे बेताचे आणि लहान भावाचं शिक्षण बाकी. दोन्ही एकदम कसं करायचं?

सिद्धेश्वर_पेठ

मी सोलापुरातच अर्थशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. बाळ, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर भारतीय आर्थिक सेवा. १९६१ पासूनची सेवा, परीक्षा यूपीएससी घेते. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते आणि वय २१ ते ३०. लेखी हजार गुणांची : इंग्रजी १००, सामान्य अध्ययन १००, अर्थशास्त्राचे तीन पेपर आणि भारतीय अर्थव्यवस्थेचा एक, प्रत्येकी २००. त्यावर मुलाखत २०० ची. जागा दरवर्षी मोजक्याच निघतात, त्यामुळे याच एका दारावर आयुष्य टांगू नये. पण तयारी वाया जात नाही, कारण तोच अभ्यास संशोधन संस्थेच्या मुलाखतीत उपयोगी पडतो. या सेवेतले लोक वित्त, वाणिज्य अशा मंत्रालयांत बसतात. कृषीमूल्य आयोगाचं कामही अर्थतज्ज्ञांचंच, वर वकीलसाहेबांनी सांगितलेल्या एफआरपीची शिफारस तोच आयोग करतो. नागरी सेवा परीक्षेतून भारतीय व्यापार सेवा मिळते, ती डीजीएफटीकडे, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाकडे जाते.

दुसरी गोष्ट सांगतो, ती मला फार महत्त्वाची वाटते. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक. १९३० मध्ये संस्था निघाली आणि तिच्या सुरुवातीच्या कामांत सोलापूर आहे. इथल्या विणकर समाजाची सामाजिक-आर्थिक पाहणी त्या संस्थेने १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. घरोघर जाऊन, किती माग, किती कर्ज, बायका कांड्या भरतात त्याचे किती, असं विचारत. या देशात आर्थिक पाहणीची जी शिस्त तयार झाली, तिच्यात आपल्या साखर पेठेतल्या घरांचा वाटा आहे. आपल्या मुलांना हे आम्ही वर्गात सांगायला हवं होतं, क्वचितच कुणी सांगतं. तुला अभ्यास आणि कारखाना यातलं एक निवडायची गरज नाही. तुझा एम.ए. चा प्रबंध बाकी असेल ना? तोच टॉवेलवर कर. वडील जॉबर आहेत, ही तुझ्या हातात असलेली गोष्ट दिल्लीच्या कुठल्याही विद्यार्थ्याकडे नाही.

बार्शीचा_दिल्लीत

सरांशी सहमत, माझं आधीचं थोडं दुरुस्त करतो. कारखाना आणि अभ्यास एकत्र करायचा हा मार्ग माझ्यापेक्षा चांगला आहे. मी ते न केल्यामुळे दिल्लीत पहिली काही वर्षं आकड्यांच्या पलीकडे मला काही दिसत नव्हतं.

जिनिव्हाबद्दल कुणी विचारलं नाही पण मनात असतंच. डब्ल्यूटीओच्या सचिवालयात जेमतेम सहाशेच्या वर लोक आहेत, त्यामुळे ते ध्येय म्हणून ठीक, योजना म्हणून नाही. तिथे पोचलेल्यांच्या वाटाही एकसारख्या नाहीत. सध्याच्या महासंचालक एनगोझी ओकोंजो-इवेला विकासाच्या अर्थतज्ज्ञ, जागतिक बँकेत पंचवीस वर्षं, मग नायजेरियाच्या अर्थमंत्री. आपले उज्जल सिंग भाटिया ओडिशा केडरचे आयएएस, पुढे डब्ल्यूटीओत भारताचे राजदूत आणि मग अपील मंडळाचे सदस्य. एक संशोधनातून, एक जिल्ह्याच्या कारभारातून.

पैशांचं म्हणशील तर एम.ए. नंतर लगेच दिल्लीला येऊ नकोस. सोलापुरात किंवा पुण्यात राहून एक नीट पेपर लिही, त्यासोबत अर्ज कर. संस्थांना मार्कलिस्टपेक्षा लिहिलेलं दाखवणारी मुलं हवी असतात. मॉडेलचा प्रोग्राम लिहिताना अडलीस तर मला निरोप टाक, रविवारी सकाळी मोकळा असतो. पैसे वगैरे काही नको.

यंत्रमागधारक

सर, बरं झालं तुम्ही लिहिलंत. पूर्वभागकर, बाळा, तुझ्या अभ्यासाला माझे आकडे देतो. चार वर्षांच्या ऑडिटच्या पावत्या, सर्टिफिकेटची फी, नूतनीकरण, सगळं फायलीला आहे. किलोमागे किती पडतं ते काढ, मी कधी नीट काढलं नाही. माझं आणि बायरचं नाव मात्र कुठे येता कामा नये. शनिवारी वडिलांबरोबर ये, त्या दिवशी लाइट नसते, माग बंद असतात, बोलता येईल.

पूर्वभागकर

काका, नक्की येते. नाव कुठेही येणार नाही, शब्द देते.

मार्गदर्शकांशी आज बोलले. विषय असा ठरतोय : २०१४ मध्ये पाकिस्तानला जीएसपी प्लस मिळाल्यावर युरोपात सुती टेरी टॉवेलच्या बाजारात भारताचा वाटा आणि भाव कसा बदलला, आणि त्याच काळात सोलापूरच्या लहान कारखान्यांवर प्रमाणपत्रांचा खर्च किती पडला. पहिला भाग कॉमट्रेडवरून, दुसरा काकांसारख्या दहा-बारा कारखान्यांत जाऊन. रंगपाणी ताई, पाण्याचा खर्च यात घ्यावा का?

रंगपाणी

पाणी घेऊ नकोस, विषय पसरेल. विणकाम करणाऱ्याकडे रंगणीचं पाणी नसतंच, ते डाइंग हाऊसकडे असतं. तो वेगळा अभ्यास होईल, पुढे आपण दोघी करू. पण प्रमाणपत्राच्या फीबरोबर त्यासाठी करावे लागलेले बदल वेगळे लिही. नळकांडी, पंखे, इअरप्लग, संडास दुरुस्ती. हा खर्च कामगाराच्या उपयोगी पडतो, फी पडत नाही. दोन्ही एकात मिसळलंस तर काकांची तक्रारही नीट दिसणार नाही आणि कामगारांचा फायदाही.

न्हावाशेवा

विषय मस्त. आकडे काढायच्या आधी दोन सूचना, आमच्याकडे नवीन मुलं इथेच घसरतात.

युरोपची आकडेवारी घेताना ब्रिटनला सुरुवातीपासूनच बाहेर ठेव, म्हणजे सगळ्या वर्षांसाठी आजचे २७ देशच घे. ब्रिटन टॉवेलचा मोठा गिऱ्हाईक. जुनी वर्षं २८ देशांची आणि नवी २७ ची घेतलीस तर मध्येच निर्यात पडल्यासारखी दिसेल आणि तू त्याचा दोष जीएसपीला देशील. ब्रिटनचं वेगळं कोष्टक कर. त्यांच्याशी आपल्या करारावर २४ जुलै २०२५ ला सही झाली आहे, त्यामुळे तेही पुढे कामाला येईल.

दुसरं, भाव नगावर काढू नकोस, किलोवर काढ. फेस टॉवेल आणि बाथशीट दोन्ही नगाने एकच धरले जातात. ४०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आणि ६०० जीएसएम मधला फरकही किलोच्या भावातच थोडाफार दिसतो. आणि २०२० चं वर्ष वेगळं दाखव, त्या वर्षी कंटेनरच मिळत नव्हते. ६३०२.६० ची आमची जुनी पॅकिंग लिस्ट नाव-किंमत झाकून पाठवतो, तिच्यात नगाचं वजन लिहिलेलं असतं, ताळा करायला बरं पडेल.